आबा, ती कोरफड नाही

कालिम्पाँग
८ जून २०२४

आबा,

‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं होतं, पण तो र्थ मला नीट काढता येत नाही आणि राग अजून तेवढा उतरलेला नाही. म्हणून नुसतंच आबा.

फोन तुम्ही उचलत नाही. आईच्या फोनवर केला तर शेजारी बसून “कापून टाक” म्हणता, ते मला इकडं स्वच्छ ऐकू येतं. कागद तसा कापता येत नाही. फाडता येतो. पण तुम्ही भज्यांचा कागदसुद्धा वाचून मग फेकणारे. तेव्हा हा वाचणारच.

मी कामाला लागलोय. कालिम्पाँग म्हणजे बंगालचा डोंगर, दार्जिलिंगच्या शेजारी. माणसं नेपाळी बोलतात. मालकाला साहुजी म्हणायचं. निवडुंगाची आणि तसल्या जाड पानांच्या झाडांची नर्सरी आहे. उताराला पायऱ्या पाडून त्यावर काचेची न् प्लास्टिकची घरं बांधलीत. मी कुंड्या भरतो, मोठ्या झाडाच्या बुडाशी फुटलेली पिलं सोडवतो, पाणी देतो. पाणी देतो म्हणजे खरं तर देत नाही, ह्या झाडांना पाणी न देणं हेच काम असतं. नववीत शाळा सोडलेल्याला इथं कोणी मार्कशीट विचारत नाही.

आता मुद्द्याचं. तुमची लेक योगिनी सांगत होती की जेसीबीवाले झिपरूअण्णा परत येऊन गेले. कांद्याच्या चाळीमागच्या मुरमाड पट्टीत दिवाळीनंतर जेसीबी घालायचा, मुरूम उपसायचा आणि हायवेच्या कुठल्या भरावाला न्यायचा. आणि तुम्ही “बघू” म्हणालात. तुमचं “बघू” म्हणजे अर्धा होकार असतो हे अख्ख्या चांदवडच्या मार्केटला माहीत आहे.

तर आबा, ती पट्टी माझी आहे. अजून नाही, पण होणार आहे. तुम्हीच बोललात.

विसरला असाल तर आठवण करून देतो. फेब्रुवारीत, ओट्यावर. अण्णा चहा पीत होते. मी म्हणालो, मुरमाड पट्टी मला द्या, मी तिथं ॲलो लावतो.

अण्णा म्हणाले, “आलू?”

तुम्ही इतके हसलात की बशीतला चहा धोतरावर सांडला. “आलू असता तर भाजी तरी झाली असती, अण्णा. ही बघा याची कोरफड. खेळण्यातली. पान मोडलं तर थेंब निघत नाय. ना अंगाला लावायची, ना गुरांना घालायची. बोटभर झाड, आणि पोरगं त्याच्या डोक्यावर हिरवी जाळी धरतंय.”

“फुलतं ते,” मी म्हणालो.

“हे? हे माझ्या दारात फुलू दे, मुरूम तुझा. जा.”

मग मीपण बोललो. म्हणालो, फुलेल तवाच येईन, आणि तुमच्या दारात पाय ठेवणार नाय. आणि पिशवी उचलली.

अण्णा साक्षीला होते. भिकनदादा कांद्याचा भाव एकदा तोंडातून बोलला की बाजार पडो नाहीतर चढो, बदलत नाही, असं मार्केटात तुमचं नाव आहे. मी त्या नावाला धरून बसलोय.

त्या पट्टीत बाजरीसुद्धा उगवली नाही. कुत्रंही बसत नाही, खडे टोचतात. पण ह्या झाडाला तेच पाहिजे. हे कोरफडीच्या लांबच्या नात्यातलं, पण मूळचं मादागास्कर नावाच्या बेटावरचं. तिथं उघड्या कड्याला, खडकाच्या फटीत चिकटून वाढतं, मुठीएवढंसुद्धा होत नाही. त्याला चांगली काळी माती घातली की मरतं. आपल्याकडची सगळी चांगली जमीन दीपकदादाला ठेवा. मला वाईट पाहिजे.

मी इथं मजेत आहे. साहुजींनी एक कोपरा माझ्या पिलांना दिलाय. आणलेली सगळी लागली. रांगा बघाल तर बघत राहाल.

जेसीबी येऊ देऊ नका.

प्रफुल्ल


कालिम्पाँग
३ जुलै

आबा,

ती कोरफड नाही!

हे सगळ्यात आधी लिहिलं, कारण पुढचं वाचाल न वाचाल.

योगिनीनं काल फोटो पाठवला. आधी मला कळलंच नाही काय आहे. दाराची चौकट, लिंबू-मिरची, बिब्बा, आणि काळ्या दोऱ्यात उलटं टांगलेलं माझं झाड. मुळं वर, डोकं खाली. खाटकाच्या दुकानात कोंबडी टांगतात तशी.

मी तिला लगेच फोन केला. म्हटलं, “हे कोणी केलं?”

“ओरडू नकोस. आबांनी मागं साफसफाई काढली. तुझे सगळे कापलेले डबे उकिरड्यावर गेले. आईनं त्यातलं हे एक उचललं.”

“का?”

“दारातली जुनी कोरफड वाळली होती ना. ती म्हणाली, हिचं पिलू दिसतंय, अवसेला बांधा. आबांनी बांधलं.”

“आबांना ओळखू नाही आलं?”

“चष्मा नव्हता,” म्हणाली आणि हसायला लागली. त्या मुलीला कशाचंही हसू येतं.

आबा, चष्मा नव्हता हे मी मानत नाही. बाजारात एका हातात कांदा घेऊन आतून सडकाय का नाय ते तुम्ही सांगता. कोरफड हातभर असते, मऊ असते, तिच्यात गर असतो. हे पोहे खायच्या वाटीत मावतं. पानावर पांढरे खरखरीत ठिपके असतात. आंधळ्याला हात लावून कळेल. तुम्ही मुद्दाम टांगलंत. आलूवाल्याचं झाड नजर लागू नये म्हणून दाराला. बरी थट्टा आहे.

आणि ते साधं झाड नाही. ते मूळ झाड आहे. नाशिकला नर्सरीत होतो तेव्हा मला मिळालेलं पहिलं. इथं आणलेली सगळी पिलं त्याचीच.

तर आता लिहितो तसं करा. तुम्हाला जमत नसेल तर आईला वाचून दाखवा.

आजच खाली उतरवा. दोरा कापा, ओढू नका. काळी पडलेली मुळं कात्रीनं काढा. मागच्या पट्टीतला मुरूम घ्या, पण तसाच नको. चाळून घ्या. धूळ न् माती सगळी खाली गेली पाहिजे, आणि मोठे दगड वर राहतील ते फेकून द्या. मधला हरभऱ्याएवढा खडा तेवढा ठेवायचा. मग पाण्यात धुवून उन्हात वाळवायचा. खाली भोक असलेल्या डब्यात भरा आणि झाड नुसतं वर टेकवा, दाबू नका. पाणी लगेच नको. आठवडाभर विसरून जा. तुम्हाला मला विसरता येतं तर त्यालापण येईल.

चाळणीवरून हसाल, मला माहितीय. म्हणाल, मुरूम चाळतोय, उद्या दगडाला तेल लावेल. हसा. पण चाळा.

प्रफुल्ल


कालिम्पाँग
२१ ऑगस्ट

आबा,

योगिनीनं तुमचं उत्तर कळवलं. शब्दाला शब्द. “त्याला म्हणावं, तुझ्या कागदावर माझ्या दारातलं काय हलणार नाय.”

चांगलं झालं.

दोनदा वाचू नका, चूक नाही झाली. चांगलं झालं. उतरवू नका.

पहिल्या पत्रात मी रांगा लिहिल्या होत्या. त्या रांगा आता नाहीत. इथला पाऊस आपल्यासारखा येऊन जात नाही, इथंच राहायला असतो. ढग काचेच्या घरात शिरतात आणि पानावर बसतात. मला दिलेला कोपरा खरं तर कोपरा नव्हता, छताच्या गळक्या पन्हळीखालची फळी होती. रिकामी होती म्हणून दिली. आणि इथं मुरूम नाही. नारळाच्या काथ्याचा भुसा असतो, तो स्पंजासारखा ओला धरून ठेवतो. मी त्यातच लावली. आधी पान काचेसारखं दिसायला लागतं, आरपार. मग बोट लावलं की पचकन बसतं. आणि वास येतो. सडलेल्या कांद्याचा वास तुम्हाला माहीत आहे, त्याच्या चुलत्याचा म्हणा.

साहुजी आले, बघितलं, म्हणाले, “अरे भाई, तेरा आलू तो उबल गया.”

म्हणजे इथंपण आलूच. तुम्ही आणि ते एकत्र बसलात तर चांगलं जमेल.

सगळी गेली, आबा. एकसुद्धा नाही राहिलं. हे मी आईला सांगितलेलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नव्हतो. “बघा, म्हणालो नव्हतो?” असं तुम्ही म्हणाल, आणि बिडी पेटवाल. पेटवा. पण मग माझंही एक ऐका.

तुम्ही खरंच जुलैत माझं ऐकून ते झाड उतरवून डब्यात लावलं असतं, तर आई त्याला रोज तुळशीच्या तांब्यातलं उरलेलं पाणी घालती. तिला पाणी न घातलेलं झाड बघवत नाही. तेही इकडच्यासारखंच गेलं असतं. तुम्ही हट्टानं लटकत ठेवलं, वर पत्रा, पाऊस लागत नाही, वारा लागतो. मुळाला माती नाही म्हणून सडायला काही नाही. कड्यावरचं झाड आहे, त्याला लटकायची सवय असणार. दोन महिने मी नर्सरीत राबून जे मारलं, ते तुम्ही माझी जिरवायला म्हणून जगवलं.

आभार मानत नाही. तुमचा तसा विचार नव्हता.

आता माझी पंचाईत अशी की मी ‘उतरवा’ म्हटलं म्हणून तुम्ही उतरवलं नाही. आता ‘राहू द्या’ म्हणतोय म्हणून काढून फेकाल. मी रात्रभर यावर विचार करून उलटंच लिहिणार होतो, की ताबडतोब उतरवा. पण तुम्हाला असं फसवलं तर मग शब्दाचं काय राहिलं. म्हणून सरळ लिहितो. जगात माझं ते एकच झाड उरलंय आणि ते तुमच्या दारात आहे. हात लावू नका. आईलापण लावू देऊ नका.

आणि पट्टीचं विसरलेलो नाही. झाडं गेली म्हणजे मी गेलो असं नाही.

प्रफुल्ल


कालिम्पाँग
२७ सप्टेंबर

आबा,

फुललं.

तुम्ही रोज त्याखालून ये-जा करता म्हणजे तुम्हाला माझ्याआधी माहीत असणार. पण तुम्ही कळवलं नाही, म्हणून मी तुम्हाला कळवतो. योगिनीनं व्हिडिओ केला. मधून दांडा निघालाय, काडीपेटीच्या काडीपेक्षा थोडा जाड. आधी खाली गेला, मग त्याला कळलं आपण उलटे आहोत, आणि वळण घेऊन आभाळाकडं वर आला. गळासारखा. टोकाला शेंदरी फुलं, बाजरीच्या दाण्यांपेक्षा मोठी नाहीत. व्हिडिओत मागून आई म्हणते, “गं बाई, लटकूनसुदीक फुललं,” आणि कुंकवाचं बोट घेऊन येते. पुढं तुमचा आवाज आहे. “त्याला नको लावू. ते देवाचं नाय. ते त्याचं हाय.”

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकलं. इथल्या पोरांनापण ऐकवलं. त्यांना काही कळलं नाही.

तर आबा. “हे माझ्या दारात फुलू दे, मुरूम तुझा.” हे तुमचं वाक्य. दार तुमचं आहे ना? चौकट तुम्ही कळवणहून आणलेल्या सागाची, तुम्हीच रंधा मारलेली. टांगलं कोणी? तुम्ही. फुललं का? फुललं.

योगिनी म्हणाली तुम्ही वाद घालताय. “हे काय फुलणं झालं? उलटं फुललंय.” आबा, सुलट फुलू दे असं तुम्ही म्हणाला नव्हता. बोलायच्या वेळी हसू आलं होतं म्हणून नीट बोलला नाहीत, त्याला मी काय करू? कांद्याचा भाव बोलल्यावर कोणी “मी हसत बोललो होतो” म्हणालं तर तुम्ही त्याच्या गाडीत माल भरता का?

आणि अण्णापण येऊन बघून गेले म्हणे. बराच वेळ मान वर करून उभे होते. मग म्हणाले, “भिकन, दार तर तुझंच हाय.” त्यांना मुरूम पाहिजे, तरी खोटं नाही बोलले. मी त्यांना लय शिव्या दिल्यात मनात, त्यातल्या अर्ध्या परत घेतो.

मी काही मागत नाहीये. तुमच्या शब्दाची तुम्हाला आठवण करून देतोय. जेसीबीला नाही म्हणा आणि तसं कळवा. मी इथलं काम सोडायला तयार आहे. मला कुंड्या भरायच्या आहेत, पण आपल्या खड्यानं. ह्या काथ्यात आता हात घालवत नाही.

वाट बघतो. फार नाही बघणार.

प्रफुल्ल


द्वारका, नाशिक
२५ ऑक्टोबर

आबा,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. मी द्वारकेला चहाच्या टपरीवर बसून लिहितोय. चांदवडच्या जीपवाला “पाच मिनिटं” म्हणतोय, म्हणजे सीट भरेपर्यंत. समोर उड्डाणपुलाखाली सगळ्या गाड्या एकमेकांच्या अंगावर जाऊन हॉर्न देतायत. इतक्या महिन्यांनी आपल्या भाषेतल्या शिव्या ऐकून बरं वाटलं. पत्र मीच हातात देईन. तोंडानं बोलायला लागलो की आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो. त्यामुळं आधी वाचा, मग भांडू.

तुमचं पार्सल मिळालं.

खताच्या गोणीचा तुकडा, दाभणानं शिवलेला, वर तुमच्या अक्षरात पत्ता. ‘कालिंपोंग’. आत चिठ्ठी बघितली, नव्हती. साहुजी म्हणाले, “घर से मिठाई आई?” सगळी पोरं गोळा झाली. मी शिवण कापली. आत मुरूम.

मला तिथंच कळलं तुम्ही काय केलंय ते. योगिनीनं आदल्याच दिवशी सांगितलं होतं की तुम्ही अण्णांना म्हणालात, “मी मुरूम म्हणालो होतो. जमीन कुठं म्हणालो?” म्हणजे हा मुरूम. घे तुझा. शब्द पाळला. भिकनचा शब्द, चार-पाच किलो, पोस्टाच्या खर्चासकट.

इतका संताप आला आबा, की काय सांगू. पोरं हसत होती, त्यांना वाटलं घरचे येडे आहेत, दगड पाठवतात. मी ती गोणी उचलली आणि दरीत फेकायला कठड्यापाशी गेलो. फेकणारच होतो. नुसती गोणी फेकण्यात मजा नाही म्हणून मूठमूठ फेकू म्हटलं, हात घातला, मूठ भरली.

हाताला धूळ लागली नाही.

मूठ उघडली. हरभऱ्याएवढा खडा. सगळा एकसारखा. त्यात एक मोठा दगड नाही, मातीचा कण नाही. परत हात घातला, तळापर्यंत. तेच. हाताचा वास घेतला, ओल्या दगडाचा नाही, उन्हात वाळवलेल्याचा वास. धुतलेलापण होता.

नुसती थट्टा करायची असती तर फावडं मारून भरला असता. त्याला चाळणी कशाला लागते, आबा?

मग मी योगिनीला फोन केला. म्हटलं, आबा काय करतायत हल्ली? म्हणाली, “काय माहीत. दुपारी मागं जातात, शर्ट पिवळा करून येतात. चांदवडहून कसली तरी जाळी आणलीय, बांधकामावर असते तसली. आईनं विचारलं तर म्हणाले, अण्णाच्या जेसीबीला रस्ता करतोय.” आणि परत हसली.

चाळून रस्ता होतो हे मी पहिल्यांदा ऐकलं.

तर तुम्ही माझी पत्रं वाचलीत. जुलैचं तर नीट वाचलंय. आता तुम्ही म्हणाल, मी काही दिलेलं नाही, नुसता मुरूम दिला. ठीक आहे. मी पण नुसता मुरूमच घ्यायला आलोय. फक्त मी तो जागेवरून उचलणार नाही, जिथं आहे तिथंच वापरणार. तुम्ही पाठवलेला हा परत आणलाय, पिशवीत आहे, त्याच्यानं पिशवीचा बंद तुटत आलाय. जीपवाला म्हणतो, “काय सोनं आणलं का?” म्हटलं, हो.

अजून एक राहिलं. मी म्हणालो होतो, फुलेल तवाच येईन. फुललं, म्हणून आलो. पण त्या दिवशी रागात “तुमच्या दारात पाय ठेवणार नाय” हेपण बोललो होतो, आणि तुम्ही लगेच म्हणाल की येण्याचं बोलला होतास, पाय ठेवण्याचं नाय. मी तुम्हाला ओळखतो. म्हणून ठरवलंय. पाय उंबऱ्याच्या बाहेरच राहील. ओट्यावर स्टूल ठेवा, मी त्यावर चढीन आणि बाहेरूनच हात घालून झाड उतरवीन. फुलं झडली असतील तर बरंच, आता पिलं धरेल.

तुम्ही स्वतः उतरवू नका. तुम्हाला दोरा ओढायची सवय आहे.

स्टूल तेच जुनं असेल, एक पाय आखूड असलेलं. धरायला कोणीतरी लागेल. दीपकदादा शेतात असेल. आईला खाली वाकवत नाही. योगिनीला धरू देऊ नका, ती हसते न् स्टूल हलतं.

जीप भरली. निघतो.

प्रफुल्ल